सरळ लावलेला शिक्का

४ फेब्रुवारी

आत्या,

पत्राच्या वरती काय काय लिहितात ते मी विसरले. आठवीत शिकवलं होतं, तेव्हा मी खिडकीतून बाहेर बघत होते. तर वरती जे लिहायचं असतं ते सगळं लिहिलंय असं समज, आणि नमस्कार पण केला असं समज.

फोन का नाही केला म्हणशील. फोन कानाला लावला की माझा आवाज आत जाऊन बसतो, तुला माहितेय. उगाच नाही तू मला गोगलगाय म्हणत.

दादाला जाऊन उद्या नऊ आठवडे होतील. घरी सगळे बरे आहेत. बरे म्हणजे जेवतात, झोपतात. बाबा टीव्ही बघतात पण आवाज बंद करून. आई पाच ताटं काढते, मग एक परत ठेवते, आणि ते ठेवताना आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी ठेवते. वहिनी कामावर जायला लागली. तीच ती दातांची वर्कशॉप, जिथे दोघं होते. लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात, त्यात ती प्लास्टर ओतते, मग त्यावर कवळ्या बनतात. दादा त्या कवळ्या दवाखान्यांत पोचवायचा. तो म्हणायचा ना, माझ्या पाठीवर तीसचाळीस जणांचं हसू असतं, म्हणून मी खड्डे बघून चालवतो.

आता ते पोचवायचं काम पण वहिनी करणार आहे. दोन मार्चपासून. त्याच गाडीवर. गाडी गॅरेजमधून आली, नवा हँडल, नवा दिवा, नव्यासारखी दिसते. आईने तिच्यावर चादर टाकून ठेवलीय.

वहिनी मला म्हणाली, तू हेल्मेटच्या दुकानात आहेस, तूच माझं हेल्मेट आण, मला त्यातलं कळत नाही. मी मान हलवली. पण मला पण त्यातलं कळत नाही. दोन वर्षं तिथे आहे, तरी. मी मागच्या खोलीत बसते. पुढे गिऱ्हाईक असतं.

तू लॅबमध्ये रोज हेल्मेटं आपटतेस. तर मला लिहून कळव की कुठलं घ्यायचं. त्याच्यावर वेगवेगळे शिक्के असतात, त्यातला कुठला खरा, कुठला चांगला, ते नीट लिही. मला घाई आहे.

तुझी
गोगलगाय


११ फेब्रुवारी

गोगलगाय,

तुझं पत्र आलं आणि मी डबा उघडा ठेवून ते आधी वाचलं. मागच्या वेळी आले तेव्हा दोन दिवसांत तू माझ्याशी एक शब्द बोलली नव्हतीस. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलीस, तेवढंच. आता चार पानं लिहिलीस. लिहीत जा.

आता कामाचं.

आधी डोकं, मग शिक्का. लोक उलटं करतात. शिंप्याची टेप घे, भुवयांच्या वर दोन बोटं, कानांच्या वरून मागे, डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग येतो तिथून फिरव. जो आकडा येईल त्या मापाचं हेल्मेट. घातल्यावर गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, लहान मुलाचा पापा घेताना दाबतो तसे. मान जोरात हलवली तर हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्याच्या मागून नाही.

शिक्के. एक असतो देशाच्या सरकारचा, ज्या त्या देशाचा वेगळा. एक आहे डॉट, अमेरिकेतला. त्यात कंपनी स्वतःच म्हणते की आम्ही नियमात बसवलंय, आणि सरकार नंतर बाजारातून उचलून अधूनमधून तपासतं. म्हणजे पेपर आपणच लिहायचा आणि आपणच तपासायचा, मास्तर कधीतरी येणार. चांगल्या कंपन्या खरंच नीट करतात, पण वाईट कंपन्यांना चोरवाट राहते. एक आहे ईसीई, युरोपातला. त्यात आधी लॅब, मग विक्री. पास झाल्याशिवाय बाजारात यायचंच नाही, आणि नंतरही माल येत राहतो आमच्याकडे. आजकाल त्यात तिरकं आपटून पण बघतात, कारण माणूस सरळ कधी पडत नाही. आणि एक रेसवाल्यांचा, स्नेल. तो कडक आहे, पण तुझी वहिनी कवळ्या पोचवणार आहे, रेस नाही लावणार.

माझं मत विचारशील तर ईसीई. आणि एक खूण सांगते. बाहेर चिकटवलेल्यावर जाऊ नकोस. हनुवटीचा पट्टा उलटा करून बघ. त्यावर शिवलेलं लेबल असतं, गोलात इंग्रजी ई आणि आकडा. चिकटवणं सोपं असतं. शिवायला निदान मशीन लागते.

आमच्याकडे एक धातूचं डोकं आहे. त्याला हेल्मेट घालतो आणि तीन मीटरला जरा कमी, एवढ्या उंचीवरून ऐरणीवर सोडतो. डोक्याच्या आत यंत्र असतं, ते सांगतं किती दणका आत पोचला. आम्ही त्याला जावईबापू म्हणतो. लॅबमध्ये सगळ्यात जास्त मान त्याचा, कापूस घातलेल्या पेटीत ठेवतो, हात धुऊन हात लावतो, आणि आपटतो पण त्यालाच.

एक कळलं नाही. सगळं दुकान समोर असताना मला का विचारतेस? तुझे मालक सांगतील की. तिथूनच एखादं चांगलं घे.

आत्या


१७ फेब्रुवारी

आत्या,

वहिनीचं डोकं मोजलं. पंचावन्न. तिच्या केसांत प्लास्टर होतं, टेपला लागलं. ती डोळे मिटून बसली होती. मोजून झालं तरी मिटूनच बसली, म्हणून मी परत एकदा मोजलं. पंचावन्नच.

आमच्या दुकानातून नाही घेणार. का ते लिहिते, कारण बोलून मला जमणार नाही.

मी मागच्या खोलीत काय करते ते घरी कुणालाच माहीत नाही. आईला वाटतं मी झाडू मारते आणि खोकी लावते. मी शिक्के चिकटवते. हेल्मेटं पोत्यात येतात, एकात एक घातलेली, कोरी. मी ओल्या फडक्याने पुसते, कोरडी करते, मागच्या बाजूला मधोमध शिक्का लावते आणि तळव्याने दाबते, म्हणजे बुडबुडा राहत नाही. शिक्क्यांचं भेंडोळं असतं, बांगडीएवढं. मालक म्हणतात, तुझा हात सरळ आहे, आधीचा पोरगा वाकडे लावायचा, वाकडा दिसला की लोक विचारतात. कुणी मला सरळ हाताची म्हणालं ते मला आवडलं होतं.

मला तेव्हा वाटायचं की हेल्मेटं कुठेतरी पास होऊन येतात आणि फक्त शिक्का लावायचा राहिलेला असतो. असं मी मला सांगायचे. पण एकाच भेंडोळ्यातले शिक्के मी तीन वेगळ्या कंपन्यांच्या हेल्मेटांवर लावायचे. माहीत होतं आणि नव्हतं.

दादाचं निळं हेल्मेट मीच दिलं होतं. पोत्यातून निवडून काढलं, ज्याच्यावर एकही ओरखडा नव्हता. शिक्का मीच लावला. त्याच्यासाठी होतं म्हणून दोनदा उचकटून परत लावला, अगदी सरळ होईपर्यंत. तो म्हणाला होता, बघा, आता माझ्या डोक्याला सरकारची परवानगी आहे.

हे वहिनीला माहीत नाही. आईला नाही. तुला आज कळलं.

आणि मी अजून तिथेच जाते. नऊ वाजता जाते, बसते, चिकटवते. काल चाळीस लावले. काही वाटलं नाही. काहीच वाटत नाही मला आत्या. परवा शटर खाली ओढताना उजव्या हाताचं मधलं बोट सापडलं. मालक ओरडले तेव्हा मी बघितलं तर रक्त होतं.

दादाचं हेल्मेट पोलिसांनी पिशवीत घालून दिलं होतं. ते माळ्यावर होतं. या पत्राबरोबर पार्सलने पाठवलंय. ते तुझ्या जावईबापूला घाल आणि बघ. मला फक्त एवढंच कळायला पाहिजे की हेल्मेटमुळे झालं का. वहिनी गाडीवर बसायच्या आधी. म्हणजे तिला सांगायचं की नाही ते मला ठरवता येईल.

गोगलगाय


२४ फेब्रुवारी

गोगलगाय,

पार्सल मिळालं. तपासलं.

तू समजतेस तसं काही नाही. हेल्मेट अगदी वरच्या दर्जाचं नसलं तरी आत थर्माकोल चांगला जाड होता आणि दणका बऱ्यापैकी घेतला असता. दादाला मार छातीला होता, डॉक्टर म्हणाले होते ना. जगातलं कुठलंही हेल्मेट छातीवर घालत नाहीत. तेव्हा ते डोक्यातून काढून टाक. तू लहान आहेस, तुला दिलेलं काम तू केलंस.

पण तिथलं काम सोड. उद्याच सोड. मालकाला कारण सांगत बसू नकोस, आई आजारी आहे म्हण.

वहिनीला हे काही सांगू नकोस. तिला आधीच कमी नाही. मी लिहिलेलं बघून दुसऱ्या मोठ्या दुकानातून हेल्मेट घे.

बोटाला हळद लावलीस का? डॉक्टरला दाखव.

आत्या


१ मार्च

आत्या,

तू ते उघडलं नाहीस.

मी कसं ओळखलं ते सांगते. दादाच्या हेल्मेटात कापडी अस्तर आणि थर्माकोल यांच्या मध्ये मी एक चिठ्ठी ठेवली होती. द्यायच्या आधी ठेवली. त्याला माहीत नव्हती. तू उघडलं असतंस तर ती तुझ्या मांडीवर पडली असती आणि तू तिच्याबद्दल लिहिलं असतंस, तू काही न लिहिता राहणारी नाहीस. आणि थर्माकोल जाड नाहीये. रोज बघते मी. टीव्हीच्या खोक्यात असतो तसला, बोटाने दाबला की खड्डा पडतो.

मी रागावले नाहीये. रागावता येत नाहीये. पण तू खोटं लिहिलंस म्हणजे खरं फार वाईट असणार, असं मी धरून चाललेय. तेव्हा आता उघड.

हेल्मेट घेतलं. पुलापलीकडच्या मोठ्या दुकानात गेले, चालत. आत जायच्या आधी बाहेर दोन फेऱ्या मारल्या. सेल्समनने फुलंवाली दाखवायला सुरुवात केली, लेडीजसाठी ही जातात म्हणाला. मी काही न बोलता एकेकाचा पट्टा उलटा करून बघत राहिले. चौथ्यावर लेबल होतं, पण ते पण चिकटवलेलं होतं, शिवलेलं नव्हतं. मी नखाने कोपरा उचलला. तो म्हणाला, ताई, ते फाडू नका. मी म्हटलं, हे नको. मोठ्याने आलं. तो दुसऱ्याला हाक मारून म्हणाला, अरे, इन्स्पेक्टर आल्यात, आतला माल काढ. आतून एक पांढरं आणलं. कोरं पांढरं, फूल नाही काही नाही. पट्ट्यावर पांढरं लेबल, चारी बाजूंनी टाके, गोलात ई आणि आकडा. टाके मोजले. मला चिकटवलेलं आणि शिवलेलं यातला फरक कळतो, तेवढं एकच मला येतं.

घरी वहिनीला घातलं. गाल दाबले गेले, तू म्हणालीस तसे. मान हलवायला सांगितली, बरोबर हललं. ती पट्टा तसाच सोडून आरशात बघत होती, म्हणून मी पुढे होऊन तिचा पट्टा लावला. टक आवाज झाला. तिने माझं मनगट धरलं. खूप घट्ट. मग सोडून आत गेली आणि नळ चालू केला, पण भांडी घासत नव्हती. बहुतेक पट्टा जास्त आवळला गेला असेल. मला अजून नीट जमत नाही.

उद्यापासून ती जाणार आहे. काम मी अजून सोडलेलं नाही. आई आजारी आहे असं सांगायला पण बोलावंच लागतं.

गोगलगाय


९ मार्च

गोगलगाय,

उघडलं नव्हतं. तुझं बरोबर आहे.

ते पार्सल दहाबारा दिवस माझ्या टेबलाखाली होतं आणि मी पाय आखडून बसत होते. जोडीदार म्हणाला, मी उघडतो, तर त्याच्यावर खेकसले. एकोणीस वर्षं मी हेल्मेटं आपटतेय. पण जे एखाद्या डोक्यावर बघितलंय असं एकही कधी माझ्या हातात आलं नव्हतं. त्यात ते डोकं मी तेल लावून चोळलेलं, तुझ्या दादाच्या लहानपणी. म्हणून न बघताच तुला ते पत्र लिहिलं. छातीचं मी माझ्या मनाने लिहिलं. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते, ते तुला पण आठवत असणार.

शुक्रवारी उघडलं. आमच्याकडे फॉर्म भरल्याशिवाय काही आपटता येत नाही. गिऱ्हाईक या रकान्यात मी 'घरचं' लिहिलं. साहेबांनी वाचलं आणि सही केली.

चिठ्ठी सापडली. 'दादा हळू जा' एवढंच आहे त्यात. घामाने शाई पसरलीय, पण वाचता येते. या पत्रात घालून परत पाठवतेय. इतक्या आत का ठेवलीस, जिथे त्याला कधी दिसली नसती? असो, नको सांगूस.

आता ऐक. दोन गोष्टी आहेत. मागच्या वेळी एक खोटी लिहिली, म्हणून या वेळी दोन्ही खऱ्या लिहिते, एक गाळून एक नाही.

पहिली. जावईबापूला ते हेल्मेट घातलं आणि सोडलं. जेवढा दणका आत पोचायची परवानगी आहे त्याच्या दुपटीहून जास्त पोचला. बाहेरचं कवच अंड्यासारखं तडकलं. फॉर्मवर नापास लिहिलं. तुझा शिक्का मात्र जागचा हलला नाही.

दुसरी. आपटायच्या आधी मी ते नीट बघितलं होतं, भिंग लावून. डोकं आत असताना हेल्मेट आदळलं की थर्माकोल आतून दबतो आणि दबलेला राहतो, तो परत फुगत नाही. तसला पातळ थर्माकोल तर पारच दबला असता. दादाच्या हेल्मेटात तो कुठेही दबलेला नव्हता. कवचावर ओरखडे होते, पण ते एकटं हेल्मेट घरंगळत जातं तसे, सगळीकडून, वरवरचे. पट्टा शाबूत, तो कवचाला धरणारे रिवेट जागेवर. बक्कल उघडं. तुटून उघडलेलं नाही, पट्ट्याचे दात सगळे धड आहेत, फारसे वापरलेले पण नाहीत. ते लावलेलंच नव्हतं. हेल्मेट आधी गेलं, डोकं नंतर आपटलं.

म्हणजे हेल्मेट नापास होतं. आणि ते डोक्यावर नव्हतं.

पहिल्यातलं थोडं तुझं आहे, गोगलगाय. नाही म्हणून तुला पटणार नाही, तेव्हा म्हणत नाही. दुसरं तुझं नाही. लावलेलं असतं तर वाचला असता का, आणि चांगलं हेल्मेट असतं तर, ते लॅबला सांगता येत नाही. आमचा फॉर्म पास आणि नापास यांच्या पुढे जात नाही.

वहिनीला सांगायचं का ते तूच ठरव. सांगू नकोस असं मी लिहिलं होतं, ते खोडलं असं समज.

आत्या


१८ मार्च

आत्या,

सांगितलं. म्हणजे दिलं.

बोलून जमणार नव्हतं, म्हणून तुला शिक्क्यांचं जे लिहिलं होतं तेच परत एका कागदावर लिहिलं आणि तुझं नऊ तारखेचं पत्र त्याच्यावर ठेवून वहिनीच्या हातात दिलं. रविवार होता. ती गादीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दाराजवळ उभी राहिले. ती हळू वाचते, ओठ हलवत. तुझ्या पत्रात बक्कलाचं आलं तिथे ओठ थांबले.

मग तिने सांगितलं. तिला पण बहुतेक कुणालातरी सांगायचं होतं. दादा पट्टा कधी लावायचाच नाही. दर दवाखान्यात काढायचं, परत घालायचं, दिवसातून वीसवीस वेळा, कोण लावत बसणार म्हणायचा. ती रोज खिडकीतून ओरडायची, पट्टा, आणि तो हात वर करून लावल्यासारखं करायचा. त्या दिवशी सकाळी दोघं बोलत नव्हते. ओला टॉवेल गादीवर टाकला यावरून.

ती म्हणाली, "पट्टा लटकताना मी बघितला. खिडकीत उभी होते. पण आधी त्याने बोलावं म्हणून मी हाक नाही मारली."

तेव्हा मला कळलं की नवं हेल्मेट घातलं त्या दिवशी तिने माझं मनगट का धरलं होतं. मी पट्टा आवळला म्हणून नाही.

तिला इतके दिवस वाटत होतं की हेल्मेट चांगलं होतं, पट्टा लावला असता तर वाचला असता, आणि पट्टा तिच्यामुळे राहिला. मला वाटत होतं की पट्ट्याचा काही प्रश्नच नाही, हेल्मेट माझं होतं. एकाच घरात, एकाच भिंतीच्या दोन बाजूंना झोपत होतो.

मला वाटलं आता आम्ही दोघी रडू. पण कुणी रडलं नाही. तिने घडी घातलेला दादाचा शर्ट उलगडला आणि परत घडी घातली. मग विचारलं, त्याच्यावरचा शिक्का तू लावलास? मी मान हलवली.

"सरळ लावलेला होता," ती म्हणाली.

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. चौथा दिवस आज. आईला वाटतं कामाने थकलीय. चिठ्ठी तिने घेतली. कुठे ठेवली ते विचारलं नाही. तू विचारलं होतंस इतक्या आत का ठेवली. तोंडाने सांगितलं असतं तर त्याने टपली मारली असती, आलीय मोठी. डोक्याला लागून राहिली तर डोक्याला आपोआप कळेल असं वाटलं होतं.

कामाचं लिहायचं राहिलं. सोमवारी सोडायचं ठरवून गेले होते. मालक समोर चहा प्यायला गेले होते आणि पुढे मी एकटीच. एक माणूस आला, बरोबर दहाएक वर्षांची मुलगी, तिला मागे बसवून शाळेत सोडतो म्हणाला. त्याने तिला लाल हेल्मेट घालून बघितलं. तिने त्यातून मला डोळे मिचकावले. मग त्याने मागे वळवून शिक्का बघितला आणि मला विचारलं, चांगलं आहे ना? शिक्का तर आहे.

मी म्हटलं, "तो शिक्का मी लावते. मागे, खोलीत."

त्याला आधी कळलंच नाही. तो हसला. मग मी ड्रॉवरमधून भेंडोळं काढून काउंटरवर ठेवलं. त्याने ते बघितलं, मुलीच्या डोक्यावरचं काढलं, हळूच खाली ठेवलं, जसं काही ते गरम होतं, आणि तिचा हात धरून गेला. मालक दारात होते. किती ऐकलं माहीत नाही. ते ओरडतील असं वाटलं होतं, पण म्हणाले, घरी जा. दोन वर्षं पोरीसारखी वागवली तुला. मी माझा डबा घेतला आणि आले. डबा भरलेला होता, तो घरी येऊन खाल्ला.

गोगलगाय


२५ मार्च

गोगलगाय,

वहिनी बोलत नाही तर नको बोलू दे. तिच्या मागे लागू नकोस, पाणी नेऊन ठेव, कपडे वाळत घाल, समोर दिसत राहा. मी पण तुझ्या बाबांशी एकदा सात महिने बोलले नव्हते, कशावरून ते आता दोघांनाही आठवत नाही. हे तसलं नाही, माहितेय मला.

सोबत एक फॉर्म पाठवतेय. आमच्या लॅबकडे तक्रार घेता येते. कुणी लेखी दिलं की आमची माणसं साध्या गिऱ्हाइकासारखी जाऊन त्या दुकानातून हेल्मेटं विकत घेतात आणि आणून आपटतात. मग पुढचं सरकार बघतं. पण लेखी देणारा माणूस लागतो, ज्याने स्वतः बघितलंय. तुला कुठे उभं राहून बोलायला लावणार नाहीत, हे मी साहेबांना आधी विचारून घेतलं. फक्त लिहायचं आहे.

मालकाने तुला पोरीसारखी वागवली असेलही. ते मनात येईल, येऊ दे, आणि तरी ठरव. त्या लाल हेल्मेटवाल्या मुलीला घेऊन तिचा बाप निघून गेला, पण मागच्या खोलीत पोती आहेत.

तुझं नाव येईल. तू पण शिक्के लावलेस हे येईल. ते लपवून लिहिता येणार नाही आणि मी लपवायला मदत करणार नाही. सही करण्याआधी बाबांना वाच म्हणावं. त्यांना टीव्हीचा आवाज बंद करायची सवय आहेच, शांतपणे वाचतील.

मी पुढच्या महिन्यात येते, आठ दिवस. नुसती.

आत्या


६ एप्रिल

आत्या,

फॉर्म भरून या पत्राबरोबर पाठवलाय. बाबांनी वाचला. दोनदा वाचला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पेनाचं टोपण उघडून पेन माझ्या हातात दिलं. आईला त्यांनीच सांगितलं, स्वयंपाकघरात, दार लावून. आई बाहेर आली आणि मला म्हणाली, जेवून घे.

फॉर्मवर 'काम' असा रकाना होता. बराच वेळ कोरा ठेवला. मग 'शिक्के चिकटवणे' लिहिलं. किती चिकटवले ते विचारलं होतं. रोजचे अंदाजे लिहिले, आणि दोन वर्षं. गुणाकार मी नाही केला, तुम्ही करा.

वहिनी अकराव्या दिवशी बोलली. बोलली म्हणजे काय, सकाळी निघताना दारात थांबली. पाठीवर कवळ्यांची पेटी, डोक्यात ते पांढरं हेल्मेट. रोज ती खाली जाऊन गाडीपाशी पट्टा लावते, मी वरून खिडकीतून बघते आणि तिला माहितेय की मी बघते. त्या दिवशी ती दारातच उभी राहिली, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "जरा बघ गं."

मी पट्टा लावला आणि खाली दोन बोटं घालून बघितली. तीन जात होती. काढून एक दात पुढे घेतला, परत लावला. आता दोनच जात होती. ती थुंकी गिळताना गळा हललेला बोटांना लागला. आई मागे उभी होती. हातात ताट होतं.

मग ती गेली. दुसऱ्या दिवशी परत थांबली. आता रोजच थांबते. बोलत तशी अजून नाही, नुसती हनुवटी वर करते. शिक्क्यांबद्दल तिने परत काही विचारलं नाही. मला वाटतं कधीतरी विचारेल, आणि मला उत्तर द्यावं लागेल.

तू बोटाचं विचारलं होतंस. जुनं नख काळं पडून मागच्या आठवड्यात निघून गेलं. खाली नवं येतंय, अजून कोवळं आहे, कागदासारखं. आज सकाळी पट्टा आवळताना त्याची कड त्या बोटावरून घासली.

दुखलं, आत्या. मी हात मागे घेतला. वहिनी म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, दुखतंय. तिने बोट हातात घेऊन बघितलं, फुंकर घातली, आणि मला दुसऱ्या हाताने पट्टा लावायला सांगितलं.

दिवसभर ठणकतंय. हे पत्र डाव्या हाताने कागद दाबून आणि ते बोट वर धरून लिहिलंय, म्हणून अक्षर असं आलंय.

गोगलगाय